चिकटवूनही पुन्हा सुटणारं विनिअर, हलणारं ब्राँझ : जुन्या फ्रेंच मार्केट्री टेबलांचं समस्या निवारण

मार्केट्री म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे (विनिअर) कापून, फळीवर चिकटवून केलेली फुलापानांची नक्षी. तिच्या दुखण्याचं लक्षण ठरलेलं असतं. टेबलाच्या वरच्या फळीवर, ब्राँझच्या पट्टीला लागून, एखाद्या फुलाची पाकळी उचलली जाते. कुणीतरी ती चिकटवतं, दोन-चार महिने बरं दिसतं, आणि पावसाळा सरून हवा कोरडी पडली की तीच पाकळी त्याच जागी पुन्हा वर येते. तिसऱ्या खेपेला शेजारचं पानही सोबत सुटलेलं असतं. अशा वेळी अधिक पक्का गोंद शोधायची धडपड सुरू होते आणि टेबलाचं खरं नुकसान तिथेच होतं. पाकळी ही दुखणं दिसण्याची जागा आहे. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा खालच्या फळीत, जुन्या मळकट सरसात (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदात), नाहीतर शेजारच्या ब्राँझच्या खिळ्यात सापडतं.

इथे सांगितलेलं सगळं पॅरिसमध्ये बनलेल्या छोट्या टेबलांना लागू आहे. त्यात लिहायची टेबलं, गेरिदों म्हणजे छोटी गोल टेबलं, दोन-तीन खणांची उंच सडपातळ टेबलं, आणि याच नमुन्यांवर 19व्या शतकात बनलेल्या प्रतिकृती सगळ्या आल्या. ज्याँ-फ्रांस्वा ओबेन, ज्याँ-आंरी रिझनेर, रोजे वांदरक्रूझ, शार्ल तोपिनो ही या कामातली 18व्या शतकातली मोठी नावं. 1900च्या आसपासच्या उत्तम प्रतिकृतींसाठी फ्रांस्वा लिंक. टेबल कुठल्या काळातलं आहे याला दुरुस्तीतही महत्त्व आहे. 18व्या शतकातलं विनिअर करवतीने कापलेलं, साधारण 1 ते 2 मिमी जाड असतं. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राच्या पात्याने तासलेलं पातळ विनिअर आलं. ते बऱ्याचदा 1 मिमीपेक्षाही कमी भरतं. त्यातून शंभर-दीडशे वर्षांत दोन-तीनदा घासून पॉलिश झालं असेल, तर कागदाच्या दोन-तीन पदरांएवढंच लाकूड उरलेलं असतं.

काही करायच्या आधी टेबल उलटं न करता खालून टॉर्च मारून बघा. 1743च्या नियमांनी पॅरिसच्या कारागीर-संघाने सभासदांना आपल्या नावाचा ठसा मारणं बंधनकारक केलं. संघाच्या तपासनिसांचा ठसा 'JME' या एकमेकांत गुंफलेल्या रोमन अक्षरांचा असे. 1791मध्ये संघ बरखास्त होईपर्यंत ही पद्धत चालली. ठसा बहुधा वरच्या फळीखालच्या आडव्या पट्टीत असतो, सरसाच्या ओघळाखाली लपलेलाही असतो. तो दिसला तर फोटो घ्या, पण खरवडू नका, पुसूही नका. आणि असं टेबल असेल तर खाली दिलेल्या कृतींपैकी फक्त तपासणी आणि हवेची व्यवस्था घरी करा. चिकटवणं फर्निचर-संवर्धकाकडे सोपवा.

फुगा आला की फट पडली? फरक कळीचा आहे

आतली फळी बहुतेक ओकची, कधी पाइनसारख्या मऊ लाकडाची असते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. ओकमधला ओलावा 1 टक्क्याने बदलला तर रुंदीत 0.2 ते 0.3 टक्के फरक पडतो. फळी खोडातून कशी कापली आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. 30 सेमी खोलीच्या फळीत 4 टक्के ओलावा कमी झाला, तर ती साधारण अडीच ते साडेतीन मिमी आक्रसते.

साधं विनिअर फळीच्याच रेषेत बसवलं असेल तर ते तिच्याबरोबर हलतं. मार्केट्रीत तशी सोय नाही. एका पाकळीचे रेषे उभे, दुसरीचे आडवे, पानाचे तिरके. रंगछटेसाठी कारागिराने ते मुद्दाम तसे फिरवलेले असतात. ज्या तुकड्याचे रेषे खालच्या फळीच्या रेषांना काटकोनात जातात, तो फळी आक्रसली तरी आक्रसत नाही. जागा कमी पडली की तो कमानीसारखा वर उचलतो. उलट फळी फुगली की तुकडे एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि केसाएवढ्या फटी दिसतात.

म्हणजे फुगा आला तर फळी कोरडी पडली आहे आणि फट दिसली तर फळी ओली झाली आहे. एकाच टेबलावर दोन्ही दिसत असतील तर हवा वर्षभर हेलकावे खाते आहे. मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात 85-90 टक्के आर्द्रतेत सरस मऊ पडतो, पकड सैल होते. मग ऑक्टोबरच्या उन्हात किंवा दिवसरात्र चालणाऱ्या एसीत फळी आक्रसते आणि आधीच सैल झालेली पाकळी निघून येते. न्यू जर्सीत किंवा जर्मनीत राहणाऱ्यांकडे हेच हिवाळ्यात घडतं, कारण हीटिंगमुळे खोलीतली आर्द्रता 25 टक्क्यांवर, कधी त्याहूनही खाली उतरते.

यातून एक पक्का नियम निघतो. फुगा कोरड्या दिवसांत दाबून चिकटवायचा नाही. तुकडा जागेत मावत नाही म्हणून लोक त्याची कड घासून कमी करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे कायमची फट पडते. टेबल आधी 50 ते 60 टक्के आर्द्रतेच्या खोलीत तीन-चार आठवडे ठेवा. बऱ्याच पाकळ्या या काळात आपोआप खाली बसतात, कडा जुळतात, आणि मग चिकटवायचं काम निम्मं होतं. इतकं करूनही तुकडा मावला नाही, तर फळी कायमची आक्रसली आहे असं समजा. तेव्हाही फुलाला हात न लावता पार्श्वभूमीच्या साध्या विनिअरची कड केसभर कमी करायची.

पोकळी शोधणं

पडदे ओढून खोली अंधारी करा. टॉर्च फळीच्या पातळीत, अगदी आडवी धरा. फुगवटे सावली टाकतात. समोरून दिसत नाहीत असे कितीतरी असतात. मग बोटाच्या नखाने दर 1 सेमीवर हलकं टकटक करत चला. घट्ट बसलेल्या जागी आवाज भरीव, छोटा येतो. सुटलेल्या जागी कागदी, पोकळ. टेबलावर पारदर्शक पॉलिएस्टर शीट पसरा, कडा आणि कोपरे खुणेसाठी आखून घ्या आणि पोकळ जागा मार्करने त्या शीटवर रंगवा. टेबलावर खडू, पेन्सिल, चिकटपट्टी काही नको. चिकटपट्टी काढताना पॉलिशच नाही, विनिअरच्या चिरफळ्याही निघून येतात.

या नकाशाचा आकार बरंच सांगतो. पोकळ जागा सरळ रेषेत, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तर खाली दोन फळ्यांचा सांधा उघडला आहे किंवा फळीला चीर गेली आहे. ब्राँझच्या खिळ्याभोवती गोल असेल तर दोष खिळ्याचा. कुंडीखालची किंवा पेल्याखालची गोल जागा पाण्याची. सगळीकडे विखुरलेल्या पोकळ्या म्हणजे जुना सरसच संपला आहे. आणि पायांच्या खालच्या 4-5 सेमीत सगळ्या पायांना सारखीच पोकळी असेल तर कारण लादी पुसण्याचं फडकं. त्याकडे पुढे येऊ.

सरकत्या फळीचं टेबल असेल तर आणखी एक जागा बघा. ओबेनने फ्रान्सचा राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिच्यासाठी साधारण 1761–63मध्ये बनवलेलं यांत्रिक टेबल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्याचा खण पुढे येतो तशी वरची फळी मागे सरकते. या रचनेच्या टेबलात सरकणाऱ्या भागांमधलं अंतर अगदी थोडं असतं. अर्ध्या मिमीचा फुगाही अडकून पाकळी मुळापासून उखडते. असं टेबल दुरुस्त होईपर्यंत उघडझाप पूर्ण बंद ठेवा.

आधीच्या दुरुस्तीत काय वापरलं होतं?

सुटलेल्या पाकळीखाली अणकुचीदार लाकडी काडीने थोडासा गोंद मोकळा करा आणि त्यावर कोमट पाण्याचा एक थेंब टाका. तपकिरी, काचेसारखा तुटणारा आणि दहा मिनिटांत चिकट जेलीसारखा होणारा असेल तर तो जनावरी सरस; मूळचा किंवा जुन्या चांगल्या दुरुस्तीतला. पांढरा पडून रबरासारखा ताणला जात असेल तर सुतारकामाचा पीव्हीए गोंद. काहीच झालं नाही तर इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट.

पुन्हा पुन्हा सुटण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. सरस पीव्हीएवर धरत नाही. मेणावर धरत नाही, धुळीवर तर नाहीच. पाकळी उचललेली असताना वरून मेणपॉलिश झालं असेल, तर ते फटीतून आत झिरपून दोन्ही पृष्ठांवर पातळ थर धरतं. त्यावर कितीही उत्तम गोंद सोडला तरी तो लाकडाला न चिकटता मेणाला चिकटतो. पीव्हीए कोमट पाण्याने फुगवून लाकडी काडीने रबरासारखा चोळून काढता येतो, वेळ लागतो, तीन-चार फेऱ्या होतात. मेण व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनसारख्या द्रावणात) जेमतेम ओला केलेल्या कापसाने निघतं. इपॉक्सी आणि सायनोॲक्रिलेटच्या वाटेला घरी जाऊ नका. त्यांना विरघळवणारी द्रावणं वरचं पॉलिशही उतरवतात.

पॉलिशची चाचणी लपलेल्या जागी आधीच करून ठेवा: कापसाच्या काडीने अनुक्रमे व्हाइट स्पिरिट, अल्कोहोल, पाणी. अल्कोहोलने जागा चिकट झाली तर वर लाखेचं पॉलिश आहे. मग ओलावा आणि उष्णता दोन्ही जपून, कारण लाख पाण्याने पांढुरकी पडते आणि 65-70 अंशांना मऊ होते.

चिकटवण्याची कृती

सरसाचे दाणे 20 ग्रॅम, थंड पाणी 35 ते 40 ग्रॅम. रात्रभर भिजत ठेवा. सकाळी दाणे साबुदाण्यासारखे फुगलेले दिसतील. भांडं गरम पाण्यात ठेवून 60 ते 65 अंशांपर्यंत तापवा. 70च्या वर गेला तर सरसाची ताकद कमी होते, उकळला तर टाकूनच द्या. ब्रश उचलल्यावर धार न तुटता पातळ पडली पाहिजे; थेंब थेंब पडला तर फार दाट, पाण्यासारखा टपकला तर फार पातळ. एवढ्यात एका टेबलाचं काम होऊन उरतो. उरलेला फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, वास आला की संपला. गरम ठेवायची सोय नसेल किंवा जागा अवघड असेल तर माशाचा सरस घ्या. तो खोलीच्या तापमानाला पातळच असतो आणि काम करायला भरपूर वेळ देतो. दोन्ही सरस पुढे कधीही कोमट ओलाव्याने सोडवता येतात. पन्नास वर्षांनी कुणाला हे टेबल पुन्हा उघडावं लागेल, त्याच्यासाठी ही सोय राखलीच पाहिजे.

पाकळीची एक बाजू आधीच उघडी असेल तर तिथूनच आत जा. बंद फुगा असेल तर धारदार, टोकदार स्कॅल्पेलने दोन तुकड्यांच्या सांध्यावरून पातं फिरवा. सांधा दूर असेल तरच तुकड्यात चीर द्या आणि तीही रेषांच्या दिशेने. आडवी चीर कधीच बुजत नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमलचं कापड बांधा आणि मऊ ब्रशने आतली धूळ त्याकडे लोटा. कापड यासाठी की सुटी चिरफळी नळीत न जाता तिथेच अडकावी. असे तुकडे एका डबीत, कुठून निघाले ते लिहून, जपून ठेवा.

आत जुना स्वच्छ सरस असेल तर तो काढू नका. कोमट पाण्याचे दोन-तीन थेंब आत सोडा, पाच मिनिटं थांबा, वर पॉलिएस्टर शीट ठेवून 50-55 अंशांपर्यंत तापवलेला गुळगुळीत धातूचा ठोकळा दोन मिनिटं धरा आणि मग वजन द्या. बऱ्याचदा जुना सरस स्वतःच पुन्हा धरतो. कपड्यांची इस्त्री वापरू नका. सगळ्यात कमी आकड्यावरही ती 100 अंशांच्या पुढे असते, आणि पॉलिशवर पांढरा चौकोन उमटतो.

सरस मळका असेल तर कोमट ओल्या कापसाच्या काडीने दोन्ही बाजू स्वच्छ करून, अर्धा तास सुकू देऊन, इंजेक्शनच्या जाड सुईने ताजा सरस आत सोडा. सिरिंज आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर सरस सुईतच जमतो. बोट पाकळीच्या मध्यावर ठेवून कडेकडे दाबत न्या. कडेला सरसाची बारीक रेघ बाहेर आली म्हणजे आत सगळीकडे पोचला. रेघ लगेच कोमट ओल्या कापसाने पुसा. पुसताना पाकळीवरच्या कोरीव रेषांवर घासू नका. पानांच्या शिरा, फुलांचे देठ या रेषा बारीक कोरून त्यात काळसर लुकण भरलेलं असतं. ते ओलं झालं की निघून येतं आणि फुलाचा चेहराच जातो.

मग पॉलिएस्टर शीट, त्यावर 3 मिमी कॉर्क, त्यावर कोमट केलेली लाकडी फळी, त्यावर क्लॅम्प किंवा 4-5 किलो वजन. 24 तास हात लावू नका. गोलाईच्या भागावर फळी टेकत नाही. तिथे जाड कापडाच्या पिशवीत दोन-तीन किलो बारीक धुतलेली वाळू भरून ती 50 अंशांपर्यंत तापवा आणि ठेवा. वाळू वळणात बसते आणि सरस थोडा वेळ पातळ राहतो.

पायांवर क्लॅम्प बसत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या 2-3 सेमी रुंद पट्ट्या कापून त्या बँडेजसारख्या गुंडाळा. खाली पॉलिएस्टर शीट हवीच. आणि ट्यूब ब्राँझवरून जाऊ देऊ नका: रबरातलं गंधक ब्राँझ काळं पाडतं, मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतूनही.

हलणारं ब्राँझ

ब्राँझ नुसतं शोभेचं नाही. पायाचा वरचा कोपरा, फळीची कड, पायाचं टोक, जिथे विनिअर सगळ्यात लवकर तुटेल तिथे ते बसवलेलं आहे. म्हणून ते सैल झालं की त्याची राखणही जाते: कड धुळीच्या फडक्यात अडकते आणि सोबत पाकळी ओढते. शिवाय छोटी टेबलं हलवण्यासाठीच बनलेली असल्याने लोक ती वरच्या ब्राँझ कठड्याला धरून उचलतात. कठड्याचे खिळे अशा प्रत्येक उचलीत थोडे ढिले होतात. टेबल खालच्या आडव्या पट्टीला दोन्ही हातांनी धरूनच उचलायचं.

उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो, क्रमांक आणि वेगळी पाकीट-पिशवी. खिळे-स्क्रू त्याच पाकिटात. दिसायला सारखे चार कोपरे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हाताने कापलेल्या जुन्या स्क्रूची खाच बऱ्याचदा मध्यावर नसते. आजचा स्क्रूड्रायव्हर तीत नीट बसत नाही आणि घसरून मुलामा ओरखडतो. सुईने खाच साफ करा, स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून खाचेत घट्ट बसेल असं करा. स्क्रू लोखंडी आणि गंजलेला असेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न 20-30 सेकंद टेकवा, थंड होऊ द्या, आधी किंचित घट्ट आणि मग सैल फिरवा. ओकमध्ये टॅनिन असल्याने लोखंड लवकर गंजतं आणि भोकाभोवती काळा डाग उतरतो. खिळ्याने बसवलेला तुकडा मधून उचकटू नका, वाकतो. पातळ लवचीक पातं आणि खाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून एकेका खिळ्यालगत थोडं थोडं उचला.

भोक मोठं झालं असेल तर मऊ लाकडाची निमुळती काडी सरसात बुडवून भोकात बसवा, सुकल्यावर पातळीत कापा, आणि मूळच्याच खिळ्यासाठी मधोमध बारीक भोक पाडा. इपॉक्सी भरू नका, आणि ब्राँझमध्ये किंवा लाकडात नवं भोक तर पाडूच नका. जुनी, न वापरलेली भोकं दिसली तर फोटो घ्या. ब्राँझ कधीतरी बदललं गेल्याचा तो पुरावा असतो. बसवताना स्क्रू तुकडा खुळखुळायचा थांबेपर्यंतच आवळा. जास्त आवळला तर ब्राँझ विनिअरला जखडून ठेवतं, फळी हलते तेव्हा पाकळीला सरकायला वाव राहत नाही, आणि ती नेमकी खिळ्याशेजारी फुगते. वर सांगितलेल्या खिळ्याभोवतीच्या गोल पोकळीचं कारण बहुतेक हेच.

ब्राँझखाली हिरवट, मेणासारखा लिबलिबीत थर सापडला तर घाबरायचं कारण नाही. पॉलिशमधल्या तेल-मेणाची आणि तांब्याची अभिक्रिया होऊन तो बनतो. लाकडी काडीने काढा, उरलेला व्हाइट स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजू कोरड्या झाल्याशिवाय परत बसवू नका.

आता चकाकीचं. आपल्याकडे पितळ म्हटलं की हात चिंचेकडे, लिंबाकडे, पितळ घासायच्या पावडरीकडे जातो. समईसाठी ते योग्य, इथे नाही. या ब्राँझवर सोन्याचा काही मायक्रॉन जाडीचा मुलामा आहे. 18व्या शतकात तो पाऱ्यातून चढवलेला. 1840नंतर विजेने चढवलेला, अधिक पातळ मुलामाही आला. आम्ल सोनं खात नाही, पण मुलाम्यातल्या छिद्रांतून शिरून खालचं ब्राँझ खातं. अमोनियाच्या पॉलिशचंही तसंच. पावडर तर सोनंच घासून नेते. शिवाय काही भाग मुद्दाम मऊ, निस्तेज आणि काही भाग दगडाने घोटून झळझळीत ठेवलेले असतात. निस्तेज मुलाम्याच्या कामात पिएर गुतिएर, 1732–1813, याचं नाव पहिलं घेतलं जातं. एकदा सगळं सारखं चमकवलं की हा फरक परत आणता येत नाही.

स्वच्छता अशी: ब्राँझ लाकडापासून वेगळं करून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, सुगंध-रंग नसलेल्या डिटर्जंटचे काही थेंब, मऊ ब्रश, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुणं, पुसून कोमट हवेने पूर्ण सुकवणं. त्याआधी मागच्या बाजूला अल्कोहोलची काडी फिरवून बघा. कापूस पिवळा झाला तर तिथे सोन्याचा मुलामा नसून सोनेरी रंगाचं वार्निश आहे. कमी खर्चात सोन्यासारखं दिसावं म्हणून 18व्या शतकातही ते लावत. अल्कोहोलचा वापर तिथेच थांबवा. आणि मुलामा कमी झाला म्हणून कुणी पारा वापरून नवा चढवून देतो म्हणाला तर देऊ नका. पाऱ्याची वाफ विषारी असते.

पायाची टोकं आणि लादी पुसण्याचं फडकं

पायाच्या टोकाला ब्राँझचा जोडा असतो, सॅबो. रोज ओलं फडकं फिरलं की पाणी जोड्यात शिरतं आणि लाकडाच्या कापलेल्या टोकातून वर ओढलं जातं. बाहेर ब्राँझ असल्याने ते सुकत नाही. आधी खालच्या 4-5 सेमीतलं विनिअर सुटतं, मग जोडा हलायला लागतो, शेवटी आतलं लाकूड भुसभुशीत होतं. उपाय साधा आहे: टेबलाभोवती हातभर जागा कोरड्या फडक्याने पुसायची, आणि पायांखाली 3 मिमी जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकत्या ठेवायच्या. जोडा एकदा उतरवून आतलं लाकूड आठवडाभर हवेशीर सुकू द्या, मगच विनिअर चिकटवा.

पितळ आणि कासवाच्या पाठीचं जडाव असेल तर

बूलच्या पद्धतीच्या टेबलांत लाकडाऐवजी पितळ आणि कासवाची पाठ असते. ही पद्धत आंद्रे-शार्ल बूल, 1642–1732, याच्या नावाने ओळखली जाते. 19व्या शतकात, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, अशी टेबलं मोठ्या संख्येने झाली. पितळ ओलाव्याने हलत नाही आणि खालची फळी हलते, म्हणून पट्टी स्प्रिंगसारखी उडते. तिला हातोडीने ठोकू नका. वाकलेलं पितळ मग कधीच सपाट बसत नाही. मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा, अल्कोहोलने पुसा आणि लसणाची कापलेली पाकळी चोळा. फ्रेंच कारागिरांची ही जुनी रीत आहे; सरस पितळाला चांगला धरतो. मग माशाचा सरस आणि निदान 48 तास दाब. कासवाच्या पाठीचा तुकडा हरवला असेल तर नवा शोधू नका. ती वन्यजीव कायद्याखाली येते. रंगवलेलं शिंग किंवा राळेचा पर्याय वापरतात.

तुकडा हरवला असेल

बोआ द रोज, बोआ द व्हायोलेट, अमारांत ही या कामातली नेहमीची लाकडं. पहिली दोन आपल्या शिसवाच्या कुळातली, पण शिसव लावून भागत नाही. रेषा वेगळ्या, रंग वेगळा. 2017पासून हे सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत असल्याने परदेशातून विनिअर मागवताना कागदपत्रं बघून घ्या. रंग जुळवायला खणाच्या आतली बाजू नमुना म्हणून घेऊ नका. उजेड न लागल्याने तिथे हिरवे-निळे रंग अजून ताजे सापडतात, वर मात्र सगळं मधाळ तपकिरी झालेलं असतं. नवा तुकडा वरच्या फिकट रंगाला जुळवायचा, आणि तुकड्याची जाडी जुन्यापेक्षा किंचित जास्त ठेवून फक्त तोच पातळीत आणायचा. शेजारी पॉलिश पेपर लागू देऊ नका.

हवा आणि पुढची तपासणी

आकडा नेमका किती हवा यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. युरोपातली 45-55 टक्क्यांची शिफारस मुंबईत एसी लावून चार तास पाळायची आणि मग बंद करायचा, याने टेबल लवकर मोडतं. 55 ते 62 टक्क्यांत वर्षभर राहील असं बघा. 65च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर, कोरड्या दिवसांत एसीचा झोत टेबलावरून वळवणं, भिंतीपासून दहा सेमी अंतर, ऊन अजिबात नाही. स्वस्तातल्या काट्याच्या आर्द्रतामापकावर भरवसा ठेवू नका. डिजिटल घ्या आणि तो टेबलाच्या उंचीवर ठेवा. कापडी फडक्याऐवजी बकरीच्या केसांचा मऊ ब्रश.

पोकळ्यांच्या नकाशावर तारीख टाकून तो खणात ठेवा. चिकटवल्यानंतर तीन महिन्यांनी, आणि मग पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरअखेरीस, तीच शीट पसरून पुन्हा टकटक करा. नव्या जागी पोकळ आवाज आला तर खोलीतल्या आर्द्रतेच्या नोंदी तपासा. जुन्याच जागी आला तर सरस बदलायच्या आधी शेजारचं ब्राँझ उतरवा आणि त्याच्या खिळ्याचं भोक बघा.